नदीच्या बाजूची सीट

नकाशा पसरायला आमच्या घरात एकच जागा होती, ती म्हणजे माझं कापायचं टेबल. मी गाड्यांची सीटकव्हरं शिवते. टेबलावर रेक्झिनचे तुकडे, खडू, मोठी कात्री, फोमचा भुगा असा सगळा पसारा असतो. मास्तरांनी तो हातानं एका बाजूला सारला, नकाशा अंथरला आणि त्याचे कोपरे माझ्याच कात्रीनं आणि माझ्याच इस्त्रीनं दाबले. माझ्या टेबलाला कुणी हात लावलेला मला खपत नाही, हे सगळ्या घराला माहीत आहे. पण त्या सकाळी मी तोंड उघडलं नाही. आदल्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही म्हणते. शाळेत शिकवणारे नव्हेत, गाडी शिकवणारे. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या टपावर एक पाटी, आणि आत डावीकडच्या सीटवर बसलेले मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून घाम गाळून गेलं. माणूस तसा थंड डोक्याचा. शिकाऊ पोरानं गाडी दुभाजकावर चढवली तरी हे म्हणणार, "बरं. आता खाली कशी उतरवायची ते बघू." घरातला सगळा राग माझ्या नाकावर, यांच्या वाट्याला तो आलाच नाही.

तर दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. यात नजर कडेकडेनं मिटत येते, मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली नजर परत आणता येत नाही. उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, पण फार उशीर झालाय. गाडी आजपासून बंद." हे सगळं त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मला त्यांच्या टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचलून फेकावंसं वाटलं. मास्तर मात्र "बरं" म्हणाले. आणि सकाळी उठून त्यांनी नकाशा काढला.

"नदीचा रस्ता उरकून टाकू," म्हणाले.

नदीचा रस्ता म्हणजे आमच्या लग्नाइतकीच जुनी गोष्ट. गाव सोडलं की हमरस्त्याला एक फाटा फुटतो आणि नदीला बिलगून थेट डोंगरापर्यंत जातो. मास्तर तरुणपणी ट्रकवर होते तेव्हा एकदा त्या रस्त्यानं गेले होते. त्यानंतर आयुष्यभर त्या रस्त्याचं गुणगान ऐकून माझे कान किटले. एका वळणावर म्हणे नदी रस्त्याच्या इतकी जवळ येते की खिडकीतून हात काढला तर पाणी लागेल असं वाटतं. पुढं उंच झाडांची रांग आहे, तिच्यातून पाणी तुकड्या-तुकड्यानं दिसतं. मग नावेचा धक्का, मग लोखंडी पूल, मग धरणाची भिंत. दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी कुणाची तरी लायसनची परीक्षा आडवी यायची. शिकायला येणाऱ्यांना हा माणूस नाही म्हणूच शकत नसे. बायकोला म्हणायला मात्र यांची जीभ कधी अडली नाही.

आता भिंग घेऊन ते नकाशावर वाकले होते. एका डोळ्यानं, मान तिरपी करून, बोटानं नदीची निळी रेघ धरून पुढं पुढं सरकत होते.

"हे बघ. वरून खाली आलो तर नदी तुझ्या बाजूला येते. खालून वर गेलो तर माझ्या बाजूला. म्हणजे जाताना या रस्त्यानं जायचं आणि येताना हमरस्त्यानं यायचं."

"म्हणजे नदी सगळी तुम्हालाच," मी म्हणाले.

"तुला कशाला हवी? तू चालवणार आहेस. तुला रस्ता बघायचाय."

मी गालातल्या गालात हसले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

लेकीनं फोनवर तोच प्रश्न विचारला. "चालवणार कोण?" मास्तर म्हणाले, "तुझी आई." मग ती म्हणाली, "बाबा, थोडं थांबा ना. ह्यांना सुट्टी मिळाली की आम्हीच येतो आणि नेतो तुम्हाला." आमचे जावई गुणी आहेत, एका शब्दानं कधी दुखावलं नाही त्यांनी. फक्त त्यांची सुट्टी कायम पुढच्या महिन्यात असते. मास्तरांनी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाले, "थांबायला वेळ असता तर थांबलो असतो गं." त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

आता माझ्या गाडी चालवण्याबद्दल सांगायला हवं. मला मास्तरांनीच शिकवलं, याच गाडीत, लेक लहान होती तेव्हा. रेक्झिन आणायला बाजारात जायचं तर मी चालवायची, मास्तर शेजारी. कुणाकडे लग्नकार्य असलं तर मी चालवायची, मास्तर शेजारी. मला एकटीला गाडी घेऊन जायची वेळच आली नाही, कारण गाडी दिवसभर शिकाऊ लोकांच्या ताब्यात. लायसनच्या परीक्षेलासुद्धा साहेब मागच्या सीटवर बसले होते आणि मास्तर माझ्या शेजारी. उतरताना साहेब म्हणाले होते, "मास्तर, तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांत बाईंचा ब्रेक सगळ्यात मऊ. पोटातलं पाणी हललं नाही." हे वाक्य मी नंतर येईल त्याला ऐकवलं. माझ्या बहिणीला ते पाठ झालं होतं. मी सुरू केलं की ती पुढचं म्हणून दाखवायची.

स्कूल बंद करायचं ठरलं तसं गाडीची पाटी काढायला आणि जास्तीची पॅडलं काढायला मेस्त्री आला. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. दोन्ही बाजूंचे ब्रेक आतून सळीनं जोडलेले असतात. मास्तरांनी त्यांचा दाबला की शिकाऊ माणसाच्या पायाखालचाही आपोआप खाली जातो. स्कूल नाही म्हणजे ही पॅडलं गाडीत ठेवता येत नाहीत, असा नियम. मेस्त्री गाडीखाली आडवा पडून नट सोडवत होता आणि मास्तर बाजूला स्टूल टाकून बसले होते. ती झिजलेली दोन लोखंडी पॅडलं मेस्त्रीनं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जरा वेळ मांडीवर धरली. मग "भंगारात घाल" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरावाला निघालो. नदीच्या रस्त्यावर वळणं फार, म्हणून आधी गावातल्या गावात हात साफ करू, असं माझं म्हणणं. रस्ता मोकळा होता. गिअर नीट पडले, वळण नीट घेतलं. मास्तर शेजारी हात मांडीवर ठेवून निवांत बसले होते. पाण्याच्या टाकीपासून खाली उतार आहे आणि उताराच्या शेवटी लाकडाच्या वखारीची भिंत. तिथं वेग कमी करून डावीकडे वळायचं. नेहमीसारखा मी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबेना.

मला वाटलं ब्रेक निकामी झाला. भिंत अंगावर आली, मी डोळे मिटले, आणि मोठा आवाज झाला.

कुणाला फारसं लागलं नाही. एक दिवा फुटला, पुढचा पत्रा चेपला, मास्तरांचा गुडघा खरचटला. वखारीतून माणसं धावत आली, पाणी दिलं, मेस्त्रीला फोन केला. मेस्त्री आला, गाडीत बसला, मागं घेतली, पुढं घेतली, जागच्या जागी थांबवून दाखवली.

"काकू, ब्रेक तर एकदम कडक आहे."

"मी दाबला होता," मी म्हणाले.

"ठेवला असेल पाय," मेस्त्री म्हणाला आणि पत्रा बघायला पुढं गेला.

मास्तर अजून डाव्या सीटवरच बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली स्वतःच्या पायाकडे बघत होते. त्यांचा उजवा पाय मोकळ्या जमिनीवर इतका दाबलेला होता की खालची रबरी चटई गोळा होऊन पुढं गेली होती.

दोघांनाही एकदमच कळलं. इतकी वर्षं मी पाय ठेवत होते आणि दाबत ते होते. त्यांनी दाबला की माझ्या पायाखालचं पॅडलही खाली जायचं, आणि मला वाटायचं की मीच दाबलं. म्हणून तर इतका मऊ. साहेबांनी कौतुक केलं होतं ते मास्तरांच्या पायाचं.

"फसवलंत मला," मी म्हणाले.

"मला माहीत असतं तर फसवलं म्हण."

"माहीत नव्हतं? पाय तुमचा, आणि तुम्हाला माहीत नव्हतं?"

"जन्म गेला माझा या सीटवर," मास्तर म्हणाले. "कुणी शेजारी बसलं की पाय आपोआप जातो. बसमध्येसुद्धा जातो. मला वाटायचं, तुझं तू चालवतेस. मला अभिमान होता गं तुझा."

यावर कुणाशी भांडणार? मी रस्त्यावर, त्या वखारवाल्यांच्या देखत, स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. त्या रडण्यात नदी नव्हती, डोळेही नव्हते. आपल्याला काही येतं असं समजून आयुष्य काढलं आणि ते आपल्याला येतच नव्हतं, याचं मला रडू आलं.

मास्तर मात्र योजना सोडायला तयार नव्हते. गाडी दुरुस्त होऊन येईपर्यंत ते रोज टेबलावर नकाशा पसरायचे. मुक्काम कुठं करायचा, थर्मासमध्ये किती चहा घ्यायचा, झाडांच्या रांगेपाशी सकाळचं पोचायचं की दुपारचं. "सकाळचं," ते म्हणायचे, "ऊन समोरून येतं. पाण्यावर चमकतं." मग स्वतःच खोडून काढायचे. "पण समोरून ऊन आलं तर तुला चालवायला त्रास."

"मी चालवत नाहीये," मी म्हणायची. "माणूस बोलवा भाड्यानं."

बोलावला. त्यांचाच जुना विद्यार्थी, टॅक्सी चालवतो. स्वभावाला गोड, पण हाताला घाई. मास्तर त्याच्या शेजारी बसले, मी मागं. गाव संपायच्या आत तीनदा त्याला गाडी थांबवायला लावली. एकदा गिअर चुकीचा म्हणून, एकदा वळताना आरसा बघितला नाही म्हणून, आणि एकदा कशासाठी ते मलाही कळलं नाही. फाट्यापर्यंत पोचता पोचता त्या बिचाऱ्यानं दोनदा गाडी बंद पाडली. शेवटी त्यानं गाडी कडेला घेतली आणि हात जोडले. "मास्तर, तुमच्या शेजारी बसून मला पुन्हा नापास व्हायचं नाही." आम्ही तिथूनच परत फिरलो. मी घरी येऊन यांना फाडफाड बोलले. नजर चालली आहे, हातात दिवस मोजके, आणि याही वेळी तुम्हाला दुसऱ्याच्या चुका काढायच्या आहेत! मागच्या सीटवर बसला असतात, गप्प राहिला असतात, तर एव्हाना नदी बघून झाली असती!

"मागं बसून काय बघणार? कोपऱ्यातून थोडं थोडं?" मास्तर म्हणाले. "मला कोपऱ्यातलं दिसत नाही आता. मला समोर काच लागते." आणि मग हळूच, "भाड्याच्या माणसाबरोबर नको. तुझ्याबरोबर जायचंय."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. त्या एका वाक्यानं मी इरेला पेटले. मी म्हटलं, ठीक आहे, मी शिकते. नव्यानं शिकते. पहिल्या दिवसापासून.

बाजारात नवीन स्कूल निघालं होतं, तिथं शिकवणारी एक मुलगी होती, माझ्या लेकीहून लहान. तिला मी सगळं खरं सांगितलं. ती हसली नाही. आधी फक्त "मास्तरांच्या घरच्या आणि माझ्याकडे?" म्हणाली. मग विचार करून म्हणाली, "काकू, एक करते. तुम्ही तुमचीच गाडी आणा. मी शेजारी मांडी घालून बसेन. पाय खाली सोडणारच नाही. मग मलाही मोह नको आणि तुम्हालाही आशा नको."

आणि ती खरंच मांडी घालून बसायची. माझे हाल कुत्रा खाईना. ब्रेकवर पाय जायचा आणि तिथंच थांबायचा, पुढचं कुणीतरी करेल म्हणून वाट बघत. ती ओरडायची, "दाबा!" मी दाबायची तर गाडी धक्का खाऊन बंद. मागची वाहनं भोंगे वाजवायची, रिक्षावाले मान बाहेर काढून माझ्या वयाचा उद्धार करायचे. मीही सोडायची नाही. ऐकणाऱ्याच्या कानातले किडे झडतील असं बोलायची. घरी येऊन पाय दुखायचा, मान दुखायची, आणि शिवायची कव्हरं तशीच पडलेली. गिऱ्हाइकं फोन करून थकली. पण हट्टच धरला होता.

या सगळ्यात दिवस गेले. किती, ते मी मोजले नाहीत, मोजायला हवे होते.

मला दिसत नव्हतं असं नाही. चहा ओतताना मास्तर कपाच्या कडेला बोट लावून ठेवायला लागले होते. शर्टाची बटणं वर-खाली लागायची. नकाशावर वाकणं त्यांनी सोडून दिलं होतं. खुर्चीत मागं टेकून म्हणायचे, "तूच वाच. धक्क्यानंतर काय येतं?" मी पायाला तेल चोळत चोळत वाचायची. एकदा विचारलं, "भिंग कुठं गेलं?" तर म्हणाले, "आहे की, खिशात आहे. सारखं वाकून मान दुखते." डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीख आली तेव्हा म्हणाले, "आधी जाऊन येऊ, मग दाखवू." मला ते पटलं. मला पटवून घ्यायचं होतं. कारण त्या तारखेला माझा सराव होता आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच गाडी मला हवी तिथं थांबायला लागली होती.

शेवटी एका सकाळी टाकीच्या उतारावरून मी एकटी खाली आले. शिकवणारी मुलगी वरच उभी राहिली होती. वखारीच्या भिंतीआधी पाय दाबला, गाडी थांबली. वखारवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, टवाळखोर कुठले. मी तशीच घरी आले, दारातूनच ओरडले, "अहो, परवा निघायचं!"

मास्तर खुर्चीतून उठले. माझ्या आवाजाच्या दिशेनं दोन्ही हात पुढं केले आणि माझे खांदे धरले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी दुसरं काही बघितलंच नाही.

निघालो. थर्मास, उकडलेली अंडी, पाव, दोघांचा एकेक जोड कपडा. लेकीचा फोन आला, "आई, सावकाश." मास्तरांनी नवा शर्ट घातला होता. डावीकडे बसले, पट्टा लावला, त्याची कडी सापडायला जरा वेळ लागला. गावातून बाहेर पडेपर्यंत सिग्नलला, चौकात, फाटकाशी, प्रत्येक ठिकाणी मी ब्रेक मारला तो माझा मी मारला. मऊ नव्हता. पोटातलं पाणी चांगलंच हलत होतं. पण गाडी थांबत होती, आणि प्रत्येक वेळी मास्तर म्हणत, "वा." फाटा आला तो मी बरोबर ओळखला. वळले.

आणि खरंच तसाच रस्ता होता, ते सांगायचे तसा. अरुंद, गुळगुळीत, एका बाजूला डोंगराचा कातळ आणि दुसऱ्या बाजूला उतार. वळणामागून वळण. थंडी होती म्हणून काचा बंद. मी स्टिअरिंग घट्ट धरून, मान ताठ करून फक्त समोरचा डांबराचा तुकडा बघत होते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सारखं काहीतरी चमकायचं. एका वळणावर तर ते इतकं जवळ आलं की मी पाय ब्रेकवर नेला. मग झाडं लागली, आणि ते चमकणं तुकड्या-तुकड्यानं यायला लागलं. मी वळून बघितलं नाही. माझ्या वाट्याला रस्ता होता, त्यांच्या वाट्याला नदी. ते अगदी गप्प होते. मला वाटलं, बोलायला शब्द नाहीत माणसाकडे. बघू दे पोटभर. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, वेळेत आणलं आपण यांना. आपल्या पायानं आणलं.

मग मास्तर म्हणाले, "अगं, नदी लागली की सांग हं. मला काच खाली करायचीय."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. मी क्षणभर मान वळवली. ते सरळ समोर बघत बसले होते. बोट काचेच्या बटणावर ठेवलेलं, शाळेतलं पोर हात वर करायच्या तयारीत असतं तसे. त्यांच्या कानामागं, काचेपलीकडे, झाडांमधून सगळं पाणीच पाणी होतं. सकाळचं ऊन त्यावर फुटलं होतं.

खोटं बोलावं असं मला वाटलं. थोड्या वेळानं येईल म्हणावं, धक्क्याजवळ जाऊन सांगावं. पण शिकवताना या माणसाच्या तोंडून एक गोष्ट मी कायम ऐकली होती, की शेजारच्याला रस्त्याबद्दल खोटं सांगायचं नाही.

"लागली," मी म्हणाले. "मघाशीच लागली. तुमच्याच बाजूला आहे."

मग त्यांनी बटण दाबलं. काच खाली गेली, थंड वारा आत आला, पाण्याचा आवाज आला. त्यांनी तोंड बाहेर वळवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. डोळे उघडे होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू उताराचा सराव करत होतीस तेव्हापासून. उजेड कळतो. म्हणून मला वाटलं होतं," ते म्हणाले, "पाणी आहे, चमकेल. तेवढं तरी कळेल."

"मग सांगायचं नाही का? सांगायचं नाही? मी भाड्यानं माणूस केला असता, त्या टॅक्सीवाल्याच्या पाया पडले असते, तुम्हाला बांधून आणलं असतं! मी काय या ब्रेकसाठी..." समोरचा रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा दिसायला लागला.

"समोर बघ," मास्तर म्हणाले. "चालवताना बाजूला बघायचं नाही."

"मला नाही जायचं पुढं. मला घरी जायचंय. मी फिरवते गाडी."

"नाही फिरवता येणार गं," ते म्हणाले, आणि तो त्यांचा शिकवण्याचा आवाज होता, थंड, समजावणारा. "इथं रस्ता अरुंद आहे. लोखंडी पुलापर्यंत वळायला जागा नाही. दुसरा टाक. पुढं डावीकडे वळण आहे ना?"

होतं. मी डोळे पुसले आणि दुसरा गिअर टाकला. नदी त्यांच्या बाजूनं तशीच चालत राहिली, आणि पूल अजून खूप लांब होता.